पोटातून आलेलं विमान

—न्हाई वो साळूवहिनी, मुंबईला कशाला? बंदरावर जाऊन करायचं काय? तितं बोटीतनं हजार मानसं उतरत्यात, कोन कुनाला वळखतंय? बसा हितं, राखनीच्या माळ्याच्या सावलीला. भाताला पाखरं लागल्यात, म्या गोफन फिरवत बोलतो, राग मानू नका. पाय वढत चालतो म्हनून घरच्यांनी राखनीला बसवलंय — पलटनीचा शिपाई आन पाखरं हाकतोय, हाय का न्हाई मजा? तर काय म्हनत व्हता — इटली हारली. व्हय, कळलं मला. भोरात दवंडी पिटली, बत्तासे वाटले. आन आमच्या चुलतीनं, तुमच्या सासूनं, घर सारवाया काढलं! म्हने हैबती इटलीवाल्यांच्या कैदेत आसनार, आता इटली हारली म्हंजी कैदी सुटनार, हैबती येनार. पलटनीनं बेपत्ता कळवलं, मेला न्हाई कळवलं — व्हय, वहिनी, मला ठावं हाय. माझा चुलतभाऊ हाय तो, येका ताटात जेवलोय आमी.

त्या दिवशीचं? कितींदा सांगितलंय की. समुंदरापल्याड हबशांच्या मुलखातला केरेनचा डोंगूर, नुस्ता उघडा दगूड, आपल्या राजगडाला निदान झाडी तरी हाय. हैबती खाली घळीत पानी आनाया गेला, संगं खेचर. डोंगरामागनं विमान आलं, गोळ्या वतल्या, गेलं. दगडाच्या कपच्या उडाल्या त्यात माझा पाय गेला. खेचर घावलं. हैबती न्हाई घावला. दरड कोसळली व्हती, रात्री वैऱ्याची मानसं त्या घळीत उतरली व्हती — कुनी सांगावं? कसलं विमान म्हनता? कापडाचं, वहिनी! हसू नका, आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा आन वर कापड तानून रोगन चढवलेलं. येकावर येक दोन पंख, खाली चाकं तशीच लोंबत, आन चालवनाऱ्याचं डोस्कं उघडं, वाऱ्यावर.

मला कसं ठावं? आवो, म्होरं वैऱ्याचं तितलं शहर पडलं, अस्मारा. माझ्या पायामुळं मला कैद्यांवर पहाऱ्याला ठेवलं, त्यांच्या विमानांच्या मैदानावर. तितं येक म्हातारा तालियन, म्हंजी इटलीवाला, मिस्त्री व्हता. आमचा सैपाकी गोव्याकडला, फिरंगी बोलनारा, त्याला म्हाताऱ्याची बोली थोडी उमजायची. म्हातारा म्हने, तोरिनो म्हनून त्यांचं गाव, तितं कारखान्यात हे विमान बांदलं. तवा समदी दुनिया येका पंखाच्या, पत्र्याच्या, पळत्या विमानाकडं वळलेली. पर ह्यांची जुनी दुपंखी आदल्या लढाईत, स्पेनात, लई गाजली व्हती — गिरकी घ्यावी तर तिनंच! मग म्होरल्या लढाईलाबी तसलीच बांदली, जरा दांडगी, जरा ताकदीची. चालवनाऱ्यांनाबी डोक्यावर काच नको, तोंडावर वारं पायजे. गेल्या सालचा पाऊस बघून औंदा पेरनी करायची, तसली गत. आन नाकावर दोन बंदुका, फिरत्या पंख्याच्या पात्यांतनं गोळ्या सुटायच्या, पर येकबी पात्याला लागायची न्हाई. हे सांगताना म्हातारा नातवाचं कवतिक सांगावं तसा फुलायचा. वाटायचं, हानावा येक कानाखाली — त्याच गोळ्या आमच्या घळीत… न्हाई हानला. बिडी दिली त्याला. का दिली, आजून उमगत न्हाई.

आन आनली कशी, ते तर ऐका. समुंदर इंग्रजानं आडवलेला, बोट येईना. मग येक दांडगं विमान, त्याच्या पोटात हे ल्हान विमान पंख सोडवून घालायचे, गाभन म्हशीवानी उडवत आनायचे आन तितं जुळवायचे —

काय? काय म्हनला? परत जाताना? परत जाताना त्याचं पोट रिकामं आसनार, आसं म्हनता व्हय… वहिनी, उटू नका, बसा. आत्ता तुमच्या तोंडावर जे आलं ना, ते माझ्याबी तोंडावर आलतं. म्याबी म्हाताऱ्याला ह्येच इचारलं, आमची मानसं घालून नेली का इटलीला? हॅऽऽ! पाखरं बसली बघा त्या कोपऱ्यात, हॅऽऽ!… काय म्हनला म्हंजी? काय म्हननार? आमचेच जखमी न्यायाला जागा पुरंना म्हनला, तुमचे कुठनं न्यावं. शेवटाला तर दोन मोडकी उसवून येक उडवत व्हते. खोटं बोलला आसंल? मलाबी तसंच वाटलं, आवो! म्हनून तर लंगडत त्यांचे कैदखाने पालथे घातले, दवाखाने पालथे घातले, खाटंखाटंला जाऊन तोंडं बघितली. आपल्या पलटनीचा येकबी न्हवता. आन आता तितं तालियनच न्हाई, दोन वर्सं झाली, समदे आमच्याच कैदेत. मग हैबतीला धरून ठेवनार कोन —

न्हाई. हे बोलायचं न्हवतं मला. चुलतीनं निरोप दिलता, गेनू, तिला येवढंच सांग, मुंबईला जाऊ नको, तो येईल तवा येईल. व्हय, तिला ठावं हाय. म्या गावात आलो त्याच दिशी सांगितलं तिला. त्या सांजंला आवेळी डोक्यावरनं पानी घेतलं ना तिनं? अंगात कनकन हाय म्हनली ना तुमाला? लेकाच्या नावाची अंघोळ केली ती म्हातारीनं, वहिनी. मला म्हनली, लेकाच्या नावाचं कुकू तेवढं घरात ऱ्हायलंय, ते म्या पुसू देनार न्हाई. घर सारवतीया ती तुमच्यासाठी.

शिव्या द्या. म्या डोळ्यांनी न्हाई बघितलं, कुनी इचारलं तरी तेच सांगीन, कुकू ऱ्हाऊ द्या तसंच. जावा आता घरला, ऊन उतरलं. बांधावरनं जावा, वाट हिकडं हाय… तिकडं कुठं निघाला? वहिनी, तिकडं नदी… नेसत्या लुगड्यानं…

थांबा. थांबा, वहिनी. म्याबी आजून त्याची अंघोळ केली न्हाई.