मेंढराची पकड

आमी चिकोडीकडचे धनगर, माझं नाव यल्लाप्पा, आन काय सांगू तुमास्नी, मला अक्षर यायच्या आधी मेंढरू धरता येत होतं. लोकर कातरताना मानेमागची कातडी मुठीत गच्च धरायची, गुडघा पाठीवर दाबायचा, मग मेंढरू हलत न्हाई. माझा बा असाच धरायचा, आन एखादं सुटलं की मलाबी तसाच धरून बडवायचा. ती पकड घेऊनच मी बेंगळूरात आलो, आन कोरमंगलात कुत्र्यांच्या दवाखान्यात मला तेच काम मिळालं, डॉक्टरबाई सुई टोचणार, मी धरणार.

आता हे पग जातीचं कुत्रं बगा, बुटकं, नाक आत गेलेलं. लोक हौसेनं आणतात आन मग दवाखान्याच्या फेऱ्या मारतात. नाकपुड्या बारीक म्हणून श्वासाला घरघर, उन्हात धापा, तोंडाच्या घड्यांत खाज, गुडघ्याची वाटी सरकते ती येगळीच. डॉक्टरबाई म्हणायच्या, यल्लाप्पा, माणसानंच ह्याला असं करून ठेवलंय. डोळ्याची खोबण उथळ आसते, मानेला धरू नको, हेबी त्यांनी बजावलं होतं. मी सरी सरी, बरं बरं, म्हणलो आन इसरलो.

बेळ्ळंदूरच्या एका साहेबानं त्याचा पग नखं कापायला आणला, बॉस नाव त्याचं. नख जरा खोल कापलं गेलं, बॉस माझ्या अंगठ्याला कडकडून चावला आन माझं डोकं फिरलं. मान मुठीत धरली आन टेबलावर दाबला. उजवा डोळाच बाहेर आला, गालावर. बॉस असा वरडला की बाहेर बसलेली सगळी कुत्री गप झाली.

साहेबानं हातातला पट्टा फिरवला, पट्ट्याची लोखंडी कडी माझ्या भुवईवर, कानावर, परत भुवईवर. मी हात उचलला न्हाई, का उचलू, चूक माझी होती, मार मला पायजेच होता. साकु, साकु, बास करा, म्हणून डॉक्टरबाई मधी पडल्या.

मग त्या म्हणल्या, डोळा आत बसवून पापण्या शिवते, त्याचं काय घेत न्हाई, पण हा भुलीत दगावंल, म्हणून नाकपुड्या आन टाळूबी आत्ताच मोकळं करायला लागंल, तेवढं द्या. साहेबानं आकडा ऐकला. म्हणला, गेल्या साली गुडघ्याला घातले, कातडीला घातले, आता एवढ्यात नवा पग येतोय, ह्याला झोपवून टाका.

माझ्या डोळ्यात भुवईचं रक्त उतरत होतं. मी साहेबाची गचांडी धरली आन भिंतीवर आपटला, एकदा न्हाई, तीनदा, औषधाच्या कपाटाची काच फुटून त्याच्या खांद्यात घुसली. म्हणलं, डोळा मी काढलाय, आता जीव तू काढतोस व्हय? डॉक्टरबाईंनी मला मागनं वडला. साहेब खांदा धरून, कुत्रं सोडलं म्हणून कागदावर सही करून गेला. पोलिसात गेला न्हाई. माझ्याबी तोंडावर त्याचे वळ होते, म्हणून आसंल.

बॉस आता राजाजीनगरात माझ्या खोलीवर आसतोय. नजर गेली त्या डोळ्याची. नाकाच्या ऑपरेशनचे पैसे डॉक्टरबाई माझ्या पगारातनं कापतात, गुडघा अजून बाकी हाय. माझ्या हातचं खातो, माझ्या पायाशी झोपतो, पण हात मानेकडं गेला की अजून जागच्या जागी मुततो. मी पुसतो. देव त्याला सुखात ठेवू दे, आन न्यायचा तेव्हा छातीखाली हात घालून न्यावा, मानेला धरू नये, एवढंच मागतो बगा.