सुनेच्या मोबाइलमधली काळी खिडकी

दातांच्या दवाखान्यात टेलरमास्तर सुजलेला गाल धरून नंबरची वाट बघत होते. शेजारी सासू-सुनेचं चाललं होतं.

“कवळी घासून घ्यायला आले, आणि कवळीच घरी!”

“ह्यांना आणायला सांगते, आई. पण फोन उचलतील तर शपथ.”

“गेम खेळत असेल. कानांवर ती झाकणं चढवली की घर पेटलं तरी त्याला पत्ता लागायचा नाही. आणि तू हे काय काळं काळं उघडून बसलीस? फोन बिघडला का?”

“टर्मिनल आहे, लिनक्सचं. इथे हुकूम लिहिला की आपला घरचा कॉम्प्युटर ऐकतो.”

“घरातली माणसं ऐकत नाहीत, आणि तो ऐकतो?”

“निमूटपणे. हा बघा ह्यांचा गेम. करू बंद?”

“अगं, नवरा आहे तो तुझा!”

“मग राहू दे?”

“कर, कर.”

“केला. बघा, आलाच ह्यांचा फोन. तुम्हीच बोला.”

“बोल रे. काय, गेम आपोआप बंद पडला? अरेरे! मोकळाच आहेस तर बेसिनपाशी वाटीत माझी कवळी आहे, ती घेऊन ये.”

“आई, हसू नका, कळेल त्यांना.”

“ठेवला त्याने. बरं, यात तुझ्या सासऱ्यांचा टीव्ही बंद होतो का गं?”

टेलरमास्तरांच्या खिशातला फोन थरथरला. बायकोचा. मघापासून त्यांनी तो दोनदा कापला होता.

“ऐकतोय, ऐकतोय, बोल!”