चर्चच्या छताखाली आडवे बाबा

तुम्ही हसाल म्हणून हे आजवर सांगितलं नव्हतं. माझे बाबा सुतार. आमच्या आसगावच्या शाळेचं छत त्यांना मधल्या खांबांशिवाय उभारायचं होतं, पण लाकडांचा जोड जमत नव्हता. म्हणून ते मला घेऊन भंडाऱ्याचं जुनं, मधे एकही खांब नसलेलं कॅथलिक चर्च पाहायला गेले. आत शिरताच ते सरळ फरशीवर उताणे झोपले. मी लाजून दाराआड झाले.

फादर धावत आले. "भोवळ आली का?"

"नाही जी. वर पाहून मान दुखते. छत तोलणाऱ्या लाकडाच्या कैच्या पाहून राहिलो."

फादरांनी वर पाहिलं, झगा सावरला आणि तेही शेजारी आडवे झाले.

प्रार्थनेला आलेल्या एका आजीने मला घाबरून विचारलं, "काहून वं पोरी, दोघंही एकदमच गेले का?"

बाबा खालूनच ओरडले, "जित्ते आहोत माय! जोड समजला मले!"