न्यायाधीश साक्षीला उभा राहतो

मंडळी, कीर्तनाला लागण्याआधी जरा डोळे मिटा. मिटा हो! एलोजीकाका, तुम्ही नका मिटू, तुम्हाला लगेच झोप लागते!

हं. आता सांगा मला. परमेश्वर साऱ्या पृथ्वीचा न्यायाधीश, असं आपण म्हणतो ना? मग भरदिवसा कुणी दुबळ्याच्या तोंडचा घास ओढतो, तेव्हा हा न्यायाधीश गप्प का बसतो? आलंय कधी मनात? आलंय! माना हलल्या, मी पाहिल्या!

तर ऐका. फार पूर्वी, आपल्या यहुदी पूर्वजांच्या देशात शाकेद नावाचं गाव होतं. शाकेद म्हणजे बदाम. उतारावर बदाम फुलले की वाटायचं, डोंगरावर पांढरं धुकं निजलंय. गाव असं देखणं, पण पाण्याच्या नावानं ठणठणाट!

तिथं न्याय व्हायचा गावच्या वेशीत. न्यायाधीश होता एल्यादा. स्वच्छ माणूस! लाच म्हणून कुणी अंजीर पुढं केलं तर अंजीर परत, आणि वर दोन शिव्या! पण माणूस म्हटला की कुठंतरी मऊ असतोच. एल्यादाचा मऊ कोपरा म्हणजे धाकटा भाऊ शिम्री. आई लवकर गेली. पोराला यानं खांद्यावर वाढवलं.

एके दिवशी वेशीत एक बाई आली. बासमथ तिचं नाव. वाळवंटाकडची, परकी, विधवा. म्हणाली, “महाराज, माझ्या नवऱ्यानं विहीर खणली. तो गेला, आणि शिम्रीनं विहिरीवर आपले मेंढके बसवले. मला घागर बुडवू देत नाहीत.”

शिम्री हसला. “दादा, विहीर आपल्या आजोबांची! हे घे दोन साक्षीदार.” त्याचेच दोन मेंढके पुढं झाले आणि पढवलेलं घडाघडा बोलून गेले.

एल्यादानं विचारलं, “बाई, तुझा साक्षीदार कोण?”

बासमथनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. “महाराज, तो इथंच आहे.”

मंडळी, खरंच होता! दोन उन्हाळ्यांपूर्वी हाच एल्यादा तहानेनं कासावीस होऊन त्या वाटेनं आला होता. बासमथचा नवरा गेरा कमरेइतक्या खड्ड्यात उभा. नुकताच झरा लागलेला. त्यानं ओंजळ वर केली, आणि त्या विहिरीचं पहिलं गढूळ पाणी कुणी प्यायलं? एल्यादानं!

आता काय करावं त्यानं? भावाकडं पाहिलं. मान खाली घातली. “दोन साक्षींवर निकाल. विहीर शिम्रीची.”

बासमथ रडली नाही, शापही दिला नाही. म्हणाली, “मग माझी फिर्याद वरच्या दरबारात.” आणि रोज दुपारी, वेस ओस पडली की ती यायची. न्यायाधीशाच्या रिकाम्या आसनावर कुणी बसलंय असं समजून हळू आवाजात आपली हकिकत सांगायची आणि दूरच्या ओढ्यावर पाण्याला जायची. लोक म्हणायचे, खुळी झाली.

सामसनभाऊ, पेटीचा सूर हलका ठेवा. आता आपण स्वप्नात शिरतोय.

एके दुपारी एल्यादाला वेशीच्या सावलीत डुलकी लागली. स्वप्नात तीच वेस, पण सगळी बदामाच्या फुलांनी भरलेली. पाऊल टाकलं तरी आवाज नाही. बासमथ बोलत होती. तो आपल्या आसनाकडं गेला, तर तिथं कुणीतरी बसलेलं! चेहरा दिसेना. पाण्यावर ऊन हलावं तसा नुसता उजेड. एल्यादाला वाटलं, आता शिक्षा! पण आवाज कसा आला? आई झोपलेल्या लेकराला उठवते तसा.

“एल्यादा, तू तिथं होतास. सांग, काय पाहिलंस?”

ओठ मिटले म्हणुनी काय, मिटते का पाहिलेले?
प्रभु पुसे हळूच कानी, सांग रे राहिलेले ॥

त्याला बोलायचं होतं, पण जीभ टाळूला चिकटली. जाग आली तेव्हा समोर खरोखरची बासमथ, रिकाम्या आसनाशी बोलत होती!

एल्यादा उठला. गाव गोळा केला. आसनाकडं गेलाच नाही. साक्षीदार उभे राहतात तिथं, धुळीत उभा राहिला.

“विहीर गेरानं खणली. मी पाहिलंय. त्याच्या ओंजळीतून मी प्यालोय.”

“दादा!” शिम्री ओरडला. “माझ्याविरुद्ध? तू?”

एल्यादा त्याच्याकडं वळला. “तुझ्याविरुद्ध नाही रे. मी पाहिलं तेवढंच सांगतोय.”

एक म्हातारा म्हणाला, “साक्ष एकच झाली. निकालाला दोन लागतात. दुसरी?”

आणि मग शिम्रीच्याच मेंढक्यांतला एक रडत पुढं आला. “मी खोटं बोललो. मलाही ठाऊक होतं.”

विहीर बासमथला मिळाली. शिम्री कित्येक वर्षं भावाच्या उंबऱ्याला आला नाही. एल्यादानं आसन सोडलं ते सोडलंच. पण बासमथनं शिम्रीच्या मेंढरांना कधी पाण्यावरून हाकललं नाही हो!

तर मंडळी, त्या वेशीत देव गप्प होता? नाही! साक्षीदार गप्प होता. आपल्याला वाटतं, त्या वरच्या दरबारात आपण एक तर फिर्यादी, नाही तर आरोपी. आणि त्यानं आपल्याला साक्षीलाच बोलावलं असलं तर? शेजारची सून का रडते, तुम्हाला ठाऊक आहे. चुलत्याचं कुंपण पुढं कसं सरकलं, तुम्ही पाहिलंय. पाहिलंय ना?

कीर्तनानंतर वाटायच्या गोड मलिद्याचा वास सुटलाय, कळतंय मला. पण आमेन म्हणायची घाई करू नका. आधी ज्यानं त्यानं आठवून बघा, आपण काय पाहिलं, आणि कुणाला सांगायचं राहिलं.