पहिला नंबर पाचव्या मजल्याचा

...आणि वर टाळ्या! मला! अहो, ज्याच्या घराची रोज दुपारी भट्टी होते, त्यालाच पुढे बोलवायचं, टाळ्या वाजवायच्या आणि हातात प्रमाणपत्र कोंबायचं... कसलं? तर म्हणे 'इमारतीतलं सर्वांत कमी वीज वापरणारं घर'! तुम्हाला सांगतो, अपमान करावा तर असा, सही-शिक्क्यानिशी!

मी राहतो पाचव्या मजल्यावर. डोक्यावर गच्ची, गच्चीवर ऊन. बारा वाजले की छत असं तापतं की पंखा लावला तर तो वरची धग गोळा करून आमच्याच टाळक्यावर ओततो. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मध्यंतरी जेवता जेवता भोवळ येऊन पडले, ताटावर! डॉक्टर म्हणाले, "यांना दुपारचं या घरात ठेवू नका." ठेवू कुठे? खिशात?

म्हणून सोसायटीला अर्ज दिला, बाबांनो, गच्चीवर उष्णता अडवणारा थर तेवढा द्या. सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला. "हे बघा, आपल्याला कार्बन कमी करायचाय. भावनेवर नाही चालायचं, मोजून चालायचं. आकडा खोटं बोलत नाही!" बरोबर आहे! आकड्याला तोंड कुठंय? बोलतात ते सेक्रेटरीच!

कुणाची वीज किती ते मोजायला बाहेरून तपासनीस येणार, असं ठरलं. मोजणी होईपर्यंत दोन महिने आम्ही सगळे रोज सकाळी निघायचो ते पलीकडच्या गल्लीत, मेहुण्याकडे. आणि मेहुणा दारातच, "या दाजी, आलात गार व्हायला?" रोज! हसत! त्याचा एसी अठरावर, आणि स्वतः भर दुपारी चादर घेऊन झोपणार. आता मला सांगा, वीज वाचली कुठे हो? तिने फक्त गल्ली बदलली! वडील बिचारे त्या सोफ्यावर अंग चोरून बसायचे आणि हळूच विचारायचे, "आपल्या घरी कधी झोपायला मिळेल रे दुपारचं?"

एकदाचा तो तपासनीस उगवला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात यंत्र. तळमजल्यावर मीटरच्या खोलीत गारव्याला बसला आणि भराभरा आकडे उतरवायला लागला. मी म्हटलं, "साहेब, वर चला, पाच मिनिटं नुसते उभे राहा माझ्या घरात."

"लिफ्ट?"

लिफ्ट बंद! तपासणीच्या सन्मानार्थ सेक्रेटरींनीच बंद ठेवलेली, वीज वाचवायला!

त्याने जिन्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "राहू द्या. आकडा खोटं बोलत नाही."

झालं! सभेत अहवाल वाचला. पाचवा मजला, वापर सर्वांत कमी, सबब गच्चीला थराची गरज नाही. सर्वांत जास्त वापर कुठे? तळमजल्यावर! कोणाच्या घरी? सेक्रेटरींच्या! तीन एसी, शिवाय कपडे वाळवायचं यंत्र! सबब तातडीचा उपाय तिथे. दुहेरी काचेच्या खिडक्या, भिंतींना अस्तर, सगळं सोसायटीतर्फे! हावरटपणाला बक्षीस, आणि होरपळणाऱ्याला टाळ्या!

मी उठलो. म्हटलं, "अहो, मी घरात नसतोच दिवसभर! म्हणून वीज जळत नाही!"

सेक्रेटरी गहिवरले. खरंच गहिवरले हो! "ऐकलंत? विजेसाठी हा माणूस घर सोडतो! याला म्हणतात निष्ठा!" पुन्हा टाळ्या. शेजारच्या बाईंनी तर मला नमस्कार केला. आता या लोकांपुढे डोकं फोडून घेतलं असतं, तरी त्यांनी आवाज किती झाला ते मोजलं असतं!

घरी आलो. बायको म्हणाली, "प्रमाणपत्र मिळालंच आहे तर लावा भिंतीवर." लावलं, चिकटपट्टीने. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेहुण्याकडून परत येऊन पाहतो तर खाली! उन्हाने गोंद पाघळलेला. पुन्हा लावलं. पुन्हा खाली. चौथ्या दिवशी वडिलांनी ते जमिनीवरून उचललं, सदऱ्याने पुसलं आणि म्हणाले, "राहू दे रे. उद्यापासून यालाही घेऊन जाऊ बरोबर."

नेलं. काय करणार! आता मेहुण्याच्या एसीखाली लटकतंय. एकदाही पडलं नाही. आल्यागेल्याला तो अभिमानाने दाखवतो, "आमच्या दाजींचं घर, विजेची बचत करण्यात पहिलं!" सोफ्यावरून वडील आणि मी मान हलवतो. आकडा खोटं बोलत नाही हो... चादर तेवढी द्या इकडे, थंडी वाजतेय.