नकाशातलं सलून

नगरपालिकेने पाहुण्यांसाठी नदीकाठच्या जुन्या दुकानांचा नकाशा छापला आणि पुलाजवळच्या सलूनच्या जागी बेधडक ‘स्वच्छतागृह’ लिहून टाकलं! सलूनवाला तक्रार घेऊन चौकशीच्या रांगेत उभा होता. त्याच्या पुढे दोन पाहुण्या जावा.

“जाऊबाई, भाऊजी तासभर होते कुठे?”

“अगं, नकाशा बघून धावत गेले ते थेट खुर्चीत! न्हावी ‘बसा’ म्हणाला, यांना खरं सांगायची लाज वाटली.”

“मग?”

“दाढी झाली, चंपी झाली. बाहेर आले ते नवरदेव होऊन!”

“आणि ज्यासाठी गेले होते ते?”

“शेवटी सांगितलं, तेव्हा न्हाव्यानेच मागचं दार उघडून स्वतःचा संडास दाखवला. म्हणाला, ‘आधी सांगायचं ना, महाराज!’ बेकरी पाहिली, पुस्तकांचं दुकान पाहिलं, पण यांच्या तोंडी आपलं सलूनच!”

सलूनवाल्याने मिशीला पीळ दिला. त्याचा नंबर आला.

“चूक झाली, काका. सलूनचं नाव घालतो,” कारकून म्हणाला.

“घाला की! पण माझ्या मागच्या दाराशी रोज येणारे पाहुणे मग कुठे पाठवू? तुमचं स्वच्छतागृह गावात आहे तरी कुठे? बोला!”