बाळाच्या छातीतला श्वास

मी, एलोदी फाल्गू, नवऱ्याचं नाव ओविद (मयत), वय ७१, धंदा कोळंबी सोलणे, शिक्षण दुसरीपर्यंत, राहणार बायूकाठी (बायू म्हणजे दलदलीतला संथ ओढा), पुलाच्या खालच्या अंगाला, लुइझियाना. शेरीफच्या ठाण्यात आपणहून आले. डेप्युटी गिल्बो यांच्यासमोर सांगते की,

माझा मुलगा अल्सीद कोळंबीच्या बोटीवर असतो. त्याची बायको दोरीन माझ्याजवळ राहते. तिला जुळं होतं. वादळात रस्ता पाण्याखाली गेला, फोन बंद पडला, म्हणून बाळंतपण मीच केलं. आधी मुलगी झाली. अशी रडली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. काळंभोर जावळ, बोटं आजोबांसारखी लांबसडक, आणि भूक तर विचारू नका. डेप्युटी म्हणतात, मिस एलोदी, मुलीचं पुरे, मुलाचं सांगा. सांगते, पण मुलीचंही लिहून घ्या. ठाण्याच्या कागदावर एखादी चांगली गोष्ट असली तर बिघडत नाही.

मग मुलगा झाला. तो हलला नाही, रडला नाही. नाळेला बोटं लावून बघितली, ठोका नव्हता. दोरीन ग्लानीत होती. तिनं त्याला हातही लावलेला नाही.

आमच्यात बाप्तिस्म्याशिवाय मूल पाठवत नाहीत, आणि मेलेल्याला बाप्तिस्मा चालत नाही. अशा वेळी घरातली थोरली बाई बाळाच्या तोंडात फुंकते आणि छाती वर आली की तेवढ्यात पाणी घालते. माझ्या सासूनंही केलं होतं. मी जोरात फुंकलं. छाती वर आली. खाली बसायच्या आत कपाळावर पाणी घालून नाव ठेवलं.

पाणी ओसरल्यावर सगळ्यांना इस्पितळात नेलं. तपासणीच्या डॉक्टरांनी बाळाची फुफ्फुसं पाण्यात सोडली. ती तरंगली. म्हणाले, याने श्वास घेतलाय, म्हणजे जिवंत जन्मलं आणि मग कोणी तरी मारलं. तेव्हापासून दोरीनच्या खाटेशी पोलीस बसलाय. मुलीला पाजायला तिला त्याची परवानगी लागते.

हे ऐकून गिल्बोंनी माझ्यादेखत डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, फुंकलेल्या हवेनंही फुफ्फुसं तरंगू शकतात, नुसत्या तरंगण्यावर भरवसा ठेवता येत नाही, ते पुन्हा तपासतील. पण बाळ जन्मतःच गेलेलं होतं, असं मी शपथेवर सांगायला हवं.

मी विचारलं, हे पाद्री वाचतील का?

"कोर्टात गेलं की सगळेच वाचतात, मिस एलोदी."

पाद्र्यांना मी छाती हलली एवढंच सांगितलंय. तेवढ्यावर ते त्याला चर्चच्या आवारात पुरायला जागा देणार आहेत. गिल्बोंनी कॉफी दिली. पांचट होती. तुझी आई अशी कॉफी करायची नाही, हे मी गिल्बोंना सांगितलं.

मग म्हटलं, "लिही बाबा. तो जिवंत जन्मला नाही. त्याच्या छातीत होता तो श्वास माझा."

दोरीनला आज घरी सोडावं, एवढंच मागणं आहे. पाद्र्यांशी मी बोलेन.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला, आमच्या बोलीत समजावला. मी सांगितलं तसाच आहे. एक दुरुस्ती: कागदाच्या माथ्यावर 'मृत अर्भक, पुरुष' असं आहे, ते खोडून ओलिव्हिए फाल्गू लिहावं. डेप्युटींनी माझ्यासमोर लिहिलं. मग मी सही केली.